निनकासी, काश, शिकारू : मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) सुमेरी लोकांची देवी निनकासी हिचा उल्लेख कुठे 'मद्यदेवता' तर कुठे 'दारूची देवी' असा वाचला. नेमका शब्द कोणता? आणि तिथल्याच अक्कडी भाषेतला बिअरसाठीचा शब्द 'शिकारू' व आपली 'साखर' यांचं काही नातं आहे का?

उत्तर : 'दारूची देवी' नकोच. दारू म्हटलं की आपल्याला भट्टीवरची, वाफ थंड करून गाळलेली आठवते. 'काश' म्हणजे सुमेरी बिअर; ती मोड आलेल्या जवापासून आंबवून केलेली असे. 'मद्य' चुकीचं नाही, पण त्यात द्राक्षाचंही आलं, मोहाचंही आलं.

अर्थाने सर्वांत जवळचा शब्द 'सुरा'. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार आहेत. त्यांतली पैष्टी म्हणजे पिठाची. पण त्याच ग्रंथात सुरापान महापातकांत मोजलंय, आणि ती छाया शब्दावर आजही आहे. काशला असा डाग नव्हता. ती मजुरांना शिध्यात मिळे, देवांपुढे ठेवली जाई. म्हणून मी सरळ 'बिअरची देवी' लिहितो. शब्द परका असला तरी तो वाचकाला चुकीच्या वाटेला नेत नाही.

निनकासीचं स्तोत्र जरूर वाचा. इ.स.पू. १८०० च्या सुमारास लिहिलेल्या मातीच्या पाट्यांवर ते मिळालं आणि सुमेरी भाषेचे अभ्यासक मिगेल सिविल यांनी १९६४ मध्ये त्याचं भाषांतर प्रसिद्ध केलं. त्यात देवीची स्तुती करता करता बिअर करण्याची सगळी रीत येते. ती 'बप्पिर' (बिअरसाठी वापरायचा जवाचा पदार्थ) सुगंधी द्रव्यांत कालवते, मोठ्या भट्टीत भाजते. जमिनीवर पसरलेल्या धान्याला पाणी देते, तिथे राखणीला कुत्रे आहेत. धान्य रांजणात भिजतं तेव्हा लाटा चढतात, उतरतात. शिजवलेला लगदा बोरूच्या मोठ्या चटयांवर निवतो. शेवटी गाळलेली बिअर ती ओतते, तेव्हा तैग्रिस आणि युफ्रेटिस धावत सुटल्यासारखं वाटतं. इथलं 'गाळणं' हातभट्टीचं नाही, साधं गाळणीतून गाळणं आहे. भाषांतरात हे सांभाळावं लागतं. 'बप्पिर'ला बरेच जण 'बिअरची भाकरी' म्हणतात. ती खरोखर भाकरी होती का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणून मी मूळ शब्दच ठेवतो.

तिच्या जन्माची एक सुंदर कथा आहे. एन्की हा देव आठ वनस्पती खातो आणि त्याचे आठ अवयव दुखू लागतात. मातृदेवता निनहुर्साग प्रत्येक दुखण्यासाठी एकेक देवता जन्माला घालते. तोंडासाठी जन्मते ती निनकासी, कारण सुमेरीत 'का' म्हणजे तोंड. असे श्लेष तिथल्या कवींना फार प्रिय होते.

आता साखर. नातं नाही. 'शिकारू' हा सेमिटिक शब्द, श-क-र या नशेच्या धातूचा. हिब्रू 'शेखार' आणि अरबी 'सुक्र' त्याच कुळातले. 'साखर' आली संस्कृत 'शर्करा'पासून, जिचा मूळ अर्थ वाळू, खडे. उच्चार जवळचे, एवढंच. 'शराब'ही वेगळा : श-र-ब म्हणजे पिणे.

पुरवणी प्रश्न : 'साबितू'ला 'गुत्तेवाली' चालेल का?

उत्तर : मी टाळेन. गुत्ता म्हणजे मुळात ठेका, आणि त्या शब्दात आपल्याकडची सरकारी मक्तेदारी येते. साबितू म्हणजे पेयगृह चालवणारी बाई. मेसोपोटेमियाच्या महाकाव्याचा नायक गिल्गमेश याला समुद्रकाठी भेटणारी सिदुरी साबितूच. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातही तिच्यासाठी स्वतंत्र कलमं आहेत : बिअरच्या मोबदल्यात धान्य नाकारून मोठ्या वजनाने चांदी घेतली, तर तिला पाण्यात टाकण्याची शिक्षा. सुमेरी राजावलीत (राजांच्या प्राचीन यादीत) तर कुबाबा नावाची अशीच एक बाई किश नगरीची राजा म्हणून नोंदली आहे. तेव्हा 'पेयगृहाची मालकीण' म्हणा, किंवा 'साबितू' ठेवून पहिल्याच वापरात अर्थ सांगा.