मदत हवी आहे: 'एटीसीमुळे (हवाई वाहतूक नियंत्रणामुळे) उशीर' हे खरं की सबब, कुठे तपासता येतं?

जालना_मोसंबी

नमस्कार मंडळी. विमानातलं मला काही कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात 14 तारखेला आई आणि ताई चिकलठाण्याहून मुंबईला निघाल्या. तिथून पुढे कोइमतूर, आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी. दोन्ही तिकिटं वेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळी काढलेली (ही चूक माझी, त्यावरून घरात बोलणी खाऊन झालीत). सकाळी 8:55 चं विमान. ते मुंबईहूनच 40 मिनिटं उशिरा आलं. 9:35 ला दार लागलं, पट्टे बांधून झाले, आणि विमान जागचं हलेना. थोड्या वेळाने कॅप्टनने सांगितलं की आपल्याला 10:55 ची टेक-ऑफची वेळ मिळाली आहे. आईने शांतपणे धपाट्यांचा डबा उघडला. ताई खिडकीशी. ती म्हणते, धावपट्टी मोकळी, ऊन लख्ख, दुसरं एक विमान नाही, मग ट्रॅफिक कंट्रोल कशाचा करायलेत हे लोक?

10:45 ला विमान हललं. मुंबईत उतरून सामान घेईपर्यंत कोइमतूरचं गेलं. नवीन दोन तिकिटांना 19,400 रुपये मोजले.

प्रवास विमा काढलेला होता. विमेवाले म्हणतात, उशिराचं कारण लेखी आणा. विमान कंपनीने पत्र दिलं, त्यात कारण काय तर "एटीसी/हवामान". विमेवाले विचारतात, या दोहोंतलं नेमकं कोणतं? कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही.

तर प्रश्न असा: एटीसीने कोणतं विमान किती वेळ थांबवलं, हे सामान्य माणसाला कुठे बघायला मिळतं का?

परभणीचा_पोऱ्या

भाऊ, जालन्याहून वंदे भारत आहे ना राव. धपाटे निवांत खाता आले असते.

जालना_मोसंबी

रेल्वेने कोइमतूर गाठेपर्यंत तपासणीची तारीख गेली असती. कामाचं बोला.

चौफुली_09

विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

आधी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. चिकलठाण्याची धावपट्टी मोकळी होती हे खरं, पण अडचण तिथली नव्हतीच. अडचण मुंबईची. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकदम चालत नाहीत, काम एकीवरच. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने गर्दीच्या तासांची मर्यादा ताशी 46 वरून 44 वर आणली, म्हणजे उतरणारी आणि उडणारी मिळून 44. सकाळचा गर्दीचा काळ 8 ते 11. तुमचं विमान वेळेवर निघालं असतं तर दहाच्या आसपास, ऐन गर्दीत पोचलं असतं. 10:55 ला उडवलं म्हणजे ते अकरानंतर पोचणार. ही वेळ उगाच आलेली नाही.

मुंबईवर चकरा मारत इंधन जाळण्यापेक्षा निघायच्या ठिकाणीच थांबवायचं, अशी ती पद्धत, तिला एटीएफएम म्हणतात. हे एअरपोर्ट्स अथॉरिटीचं दिल्लीतलं केंद्र ठरवतं. तिथून प्रत्येक विमानाला टेक-ऑफची ठरीव वेळ येते, तिला सीटीओटी म्हणतात. कॅप्टनने नेमकी 10:55 सांगितली ना, ती बहुतेक हीच.

ही सीटीओटी कंपनीला कळते, टॉवरला कळते. प्रवाशाला नाही.

लातूरचा_अटलांटात

इकडे अमेरिकेत हे उघडं असतं म्हणून सांगतो. एफएएचं (इकडच्या सरकारी विमान वाहतूक खात्याचं) एक पान आहे, त्यावर कोणत्या विमानतळाकडे जाणारी विमानं जमिनीवरच रोखली आहेत (ग्राउंड स्टॉप), कुठे त्यांना ठरवून उशिरा सोडतायत (ग्राउंड डिले प्रोग्रॅम), का, आणि सरासरी उशीर किती, हे कोणीही बघू शकतो. आपल्या विमानाचा क्रमांक, निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण टाकलं की ठरवून दिलेली वेळही दिसते. तिला इकडे ईडीसीटी म्हणतात. तुमच्या सीटीओटीची सख्खी बहीणच. शिवाय 2003 पासून कंपन्यांना उशिराची कारणं पाच वर्गांत सरकारला कळवावी लागतात: कंपनीची स्वतःची चूक, टोकाचं हवामान, हवाई वाहतुकीची यंत्रणा, मागचं विमान उशिरा येणं, आणि सुरक्षा.

म्हणजे इथेही सगळं सुरळीत चालतं असं नाही. पण कारण विचारायला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

जालना_मोसंबी

छान वाटलं वाचून. पण मी जालन्यात आहे. आपल्याकडे काहीच नाही का?

चौफुली_09

आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. तुम्हाला गोधडी शिवावी लागेल.

डीजीसीए (विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं) दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढतं. त्यात वेळेवर सुटणाऱ्या विमानांची टक्केवारी असते (15 मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरतात) आणि उशिराची कारणंही वर्गवार असतात. पण ती मोजक्या मोठ्या विमानतळांची, आणि सगळ्या महिन्याची मिळून. तुमच्या 14 तारखेला त्याचा उपयोग शून्य.

खरा उपयोग फ्लाइटरडार24 चा, विमानांचा माग दाखवणारी साइट आहे ती. फुकटात 7 दिवसांचाच इतिहास दिसतो. सिल्व्हर वर्गणी घेतली की 90 दिवस. एका महिन्याची घ्या आणि दोन गोष्टी बघा. पहिली, तुमच्या विमानाच्या शेपटीवरचा व्हीटी ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. त्यावर टिचकी मारली की तेच विमान त्या दिवशी पहाटेपासून कुठे कुठे फिरलं ते दिसतं. दुसरी, त्याच तासात मुंबईकडे जाणारी इतर गावांची विमानं. नागपूर, इंदूर, हैदराबादचीही सुटायला उशीर झाला असेल तर समजा मुंबईनेच सगळ्यांना धरून ठेवलं होतं. तुमचं एकटंच अडकलं असेल तर मग कंपनीला विचारा.

हवामानासाठी मेटार बघा, म्हणजे विमानतळावरच्या हवामानाची नोंद. मुंबईचा मेटार दर अर्ध्या तासाला निघतो. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मेसोनेट संग्रहात जुने मेटार फुकट मिळतात. मुंबईची खूण व्हीएबीबी. वेळ जागतिक असते, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, म्हणजे सकाळचे 10 म्हणजे तिथे 0430. धुकं, वादळ, कमी दृश्यता असं काही नसेल तर पत्रातलं "हवामान" गळून पडतं. नोटॅमही (वैमानिकांसाठीच्या सूचना) चाळा, ते एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या साइटवर असतात, पण मुंबईची धावपट्टी देखभालीला बंद करतात ती बहुतेक सकाळी 11 ते संध्याकाळी 5, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. तुमच्या वेळेशी जुळत नाही.

आता सगळ्यात कामाचं. कंपनीकडे "कारण" मागू नका, डिले कोड मागा. जगभर दोन आकडी कोड चालतात. 81 ते 84 वाहतूक नियंत्रणाचे: 83 म्हणजे पोचायच्या विमानतळावरची मर्यादा, 84 म्हणजे तिथलं हवामान. 89 म्हणजे निघायच्या विमानतळावरचा अडथळा. 93 म्हणजे विमानच मागच्या फेरीहून उशिरा आलं. प्रत्येक उड्डाणाला कोड आणि त्यापुढे मिनिटं लिहिलेली असतात. तुमच्या 110 मिनिटांचे बहुधा दोन कोड निघतील. पत्रात सगळं एटीसीच्या नावावर टाकलंय, कारण एटीसी आणि हवामान ही कंपनीच्या हाताबाहेरची कारणं धरतात, त्यात नुकसानभरपाई द्यावी लागत नाही.

परभणीचा_पोऱ्या

110 मिनिटं? म्हणजे दहा मिनिटांनी नाश्ता हुकला की. एवढ्या छोट्या प्रवासाला 2 तास उशीर झाला की कंपनीने खायला द्यायचं असतं.

जालना_मोसंबी

म्हणून तर धपाटे लागतात.

नांदेडकर_ताई

माहितीच्या अधिकाराचे बरेच अर्ज केलेत, म्हणून मध्ये तोंड घालते. विमान कंपनी खासगी, तिला अर्ज चालत नाही. मुंबई विमानतळ चालवणारी कंपनीही खासगी. पण तिथला एटीसी एअरपोर्ट्स अथॉरिटीचा, आणि ती सरकारी. ऑनलाइन पोर्टलवर 10 रुपये भरायचे, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

"का थांबवलं" असं विचारू नका, "कारणमीमांसा माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं. नोंद मागा. असं लिहा: "दिनांक 14 रोजी 08:00 ते 11:00 या वेळेत मुंबईकडे येणाऱ्या विमानांसाठी लागू केलेल्या एटीएफएम उपायांच्या नोंदीची प्रत, आणि अमुक क्रमांकाच्या विमानाला दिलेल्या सीटीओटीच्या नोंदीची प्रत." बस. तारीख, वेळ, क्रमांक. घरची गोष्ट एक अक्षर नको. सुरक्षेचं कारण सांगून नाकारलं तर पहिलं अपील 30 दिवसांच्या आत.

आणि एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर कंपनीची तक्रार टाका. मेलला उत्तर न देणारे तिथे देतात, हा माझा अनुभव.

जालना_मोसंबी

चार दिवसांनी लिहायलोय, माफ करा. सिल्व्हर वर्गणी घेतली. ताईला शेजारी बसवून पुन्हा तो दिवस बघितला. नागपूर आणि इंदूरची विमानंही त्याच सुमारास तास-तास उशिरा उडालेली. आणि आमचं विमान मुंबईहून निघालं तेच उशिरा, कारण त्याआधी ते भलत्याच गावाहून उशिरा आलं होतं. मेटारमध्ये दृश्यता चांगली, धुकं नाही, पाऊस नाही. म्हणजे "हवामान" गेलं. उरले 40 मिनिटं मागच्या फेरीचे आणि 70 मिनिटं मुंबईच्या गर्दीचे.

हे चित्रांसकट विमेवाल्यांना पाठवलं. ते म्हणाले, चित्रं चालणार नाहीत, कंपनीचं किंवा सरकारचं कागदपत्र पाहिजे. मग एअरसेवावर डिले कोड मागितला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन, "सर तुम्ही एअरलाइनमध्ये काम करता का?" नाही म्हटलं, जालन्यात बियाण्याचं दुकान आहे.

कोड दोन आले, मिनिटांसकट: 93 आणि 83. लेखी. विमेवाल्यांकडे दिलेत. नांदेडकर ताई, तुमचा मजकूर जसाच्या तसा टाकून अर्जही केलाय, नोंदणी क्रमांक आला. उत्तर आलं की इथेच टाकतो.