लेहसाठी टोपी आणि हातमोजे: टोपी लहान होतेय, अंगठ्याशी भोक पडतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी लेक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कामासाठी चार महिने लेहला निघालीय. ३,५०० मीटर उंची, रात्री पारा उणे १५च्याही खाली. आम्ही मुलुंडकर. आमच्याकडे थंडीचे कपडे म्हणजे एक शाल आणि बाबांचा करडा स्वेटर.

तो स्वेटर आईने हाताने विणला होता. आता दोघंही नाहीत. डांबरगोळ्या ठेवूनही कसर लागली, कोपर आणि गळा पार खाल्ला. टाकून देववेना, म्हणून दिवाळीनंतर बसून उसवला. चांगली अशी ३१० ग्रॅम लोकर निघाली. एक तुकडा जाळून पाहिला, तर केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरली. अॅक्रिलिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता. लोकर अस्सल आहे, आणि संपली की दादरला जाऊन तशी मिळणार नाही. म्हणून चुका करायची भीती वाटते.

टोपीचा नमुना नेटवरून घेतला. नंबर ८ची सुई, १०४ टाके, १० सेंटीमीटरला २० टाके, तयार घेर ५२. आईच्या डब्यात नंबर ८च्या सुया आहेत, त्याच घेतल्या. लेकीचं डोकं ५६ सेंटीमीटर आणि टोपी झाली जेमतेम ४३! दोनदा उसवली. माझा हात घट्ट आहे म्हणावं तर मुद्दाम सैल विणूनही तेच.

हातमोजे आईच्या चार सुयांच्या संचावर करतेय. मनगटाची दोन सुलट दोन उलटची पट्टी छान येते. पण अंगठ्यासाठी बाजूला ठेवलेले टाके परत सुईवर घेतले की बेचक्यात मोठं भोक पडतं. लेहच्या वाऱ्यात ते भोक चालणार नाही.

आणखी एक. पंख्याखाली बसूनही हाताला घाम येतो, लोकर सुईला चिकटते. मुंबईत विणणाऱ्या तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

ताई, हात घट्ट नाही तुमचा, सुईचा नंबर वेगळा आहे. आपल्या आया-आज्यांच्या सुया जुन्या ब्रिटिश मापाच्या. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते आणि नंबर ८ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकी मापात उलटं, तिथला ८ म्हणजे ५ मिलिमीटर. तुमचा नमुना अमेरिकी असणार. यापुढे नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा. डब्यातल्या सुया मापायला छिद्रांची पट्टी मिळते, ती घेऊन ठेवा.

क्रोशातही, म्हणजे आकडीच्या विणकामातही, नावांचा असाच घोळ आहे. अमेरिकी नमुन्यातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यातला 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब, उंचीला बुटका. मी एकदा अख्खी टोपी निम्म्या उंचीची केली होती.

प्रतिसाद २

हिशोब करून बघितला. १०४ टाक्यांचे ४३ सेंटीमीटर, म्हणजे तुमचे १० सेंटीमीटरला २४ टाके येतात. टोपी डोक्यापेक्षा तीन-चार सेंटीमीटर कमीच हवी, ताणून बसते. ५२ घेर धरला तर साधारण १२४ टाके, आणि सरळ सुयांवर विणून शिवणार असाल तर शिवणीचे दोन धरून १२६. दोन-दोनच्या पट्टीलाही हा आकडा बरोबर बसतो. शेंड्याकडे आलात की एका ओळीत चार टाके कमी करून १२२ करा. दोन शिवणीचे सोडले की उरलेल्या १२०चे १५-१५चे आठ भाग पडतात. मग एक ओळ सोडून एक, प्रत्येक भागात एक टाका कमी.

५ मिलिमीटरच्या सुया आणायला जाऊ नका. या लोकरीला ४ची वीणच घट्ट येईल आणि वारा कमी शिरेल. कानांवरची पट्टी दुप्पट लांब विणून आत दुमडा.

उसवलेली लोकर धुतली होती का?

मी

नाही धुतली! थेट गुंड्या केल्या.

प्रतिसाद २

मग आधी ते काम. सुरकुतलेल्या लोकरीवर टाके कधीच एकसारखे येत नाहीत, आणि तयार टोपी पहिल्यांदा धुतली की माप बदलतं. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून अर्धा तास ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, गरम पाणी तर अजिबात नाही, लोकर आटून नमदा होईल. सावलीत टांगा, खाली हलकं वजन लावा. वाळली की १० सेंटीमीटरचा चौकोन विणून टाके पुन्हा मोजा. २४ नाही आले तर माझा १२६चा आकडा बदलेल.

कसर लागलेली होती म्हणून एक सांगते. लोकर धुऊन वाळली की पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. अंडी राहिली असतील तर मरतील. तेवढे दिवस नसतील तर निदान तीन-चार तरी.

प्रतिसाद ३

काकू, अंगठ्याचं सांगते. पंजाबी ड्रेसच्या काखेत कळी लावतो ना, तशी अंगठ्याला कळी घाला. पट्टी संपली की अंगठ्याच्या जागी एक टाका धरून त्याच्या दोन्ही बाजूंना दर तिसऱ्या फेरीला एकेक टाका वाढवा, १३ होईपर्यंत. ते दोऱ्यावर काढून ठेवा आणि पंजा पुरा करा. परत अंगठ्याकडे आलात की बेचक्यातून दोन-तीन टाके जादा उचला, तेही पीळ देऊन, आणि पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर जोडून विणा. बोटांच्या मधे पण हेच करायचं. तरी बारीक फट राहिली तर शेपटाच्या धाग्याने आतून आवळा.

पण लेहसाठी मी पाच बोटांच्या मोज्यांवर मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटांना एकच कप्पा असलेले मोजे, विणून देईन. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. तुमच्याकडे लोकर भरपूर आहे, टोपीला शंभर ग्रॅमही लागणार नाही.

घामासाठी बांबूच्या सुया. मी हातांना टाल्कम पावडर लावते आणि पहाटे विणते.

मी

तुम्हा सगळ्यांना मनापासून धन्यवाद. लोकर धुऊन बाल्कनीत टांगली होती, दोन दिवस लागले वाळायला. सरळ झाली, आणि रंगही उजळला. चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवली, मटारांच्या शेजारी. चौकोनात १० सेंटीमीटरला २३ टाके आले. म्हणजे १२० अधिक शिवणीचे दोन, १२२, बरोबर ना? दोन-दोनच्या पट्टीत बसतात आणि शेंड्याला आधी चार कमी करायचीही गरज नाही. आज रात्री टाके घालतेय. कुणाला चूक दिसली तर त्याआधी सांगा.