वसतिगृहाआधी कागद बघा
चर्चने अचलपूरकडे अनाथ मुलांसाठी वसतिगृह बांधावं, असं एकांनी सुचवलंय. हेतू चांगलाच. पण आजीकडे, मामाकडे राहणारी पोरं आधी तिथंच सांभाळता येतील का ते बघा. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात, एक पालक हयात असला तरी. अडतं ते कागदांवर: मृत्यूचा दाखला, आधार, बँक खातं, मग जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा (मुलांच्या सांभाळाचा निर्णय देणाऱ्या सरकारी समितीचा) आदेश. शेतमजुरी करणारी आजी रोजी बुडवून अमरावतीला किती खेपा घालणार? चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींनी हे कागदांचं काम अंगावर घेतलं तरी पुष्कळ. वसतिगृह काढायचंच असेल तर बालन्याय कायदा, २०१५ खाली नोंदणी लागते, चर्चच्या पाळकसाहेबांचा होकार पुरत नाही.