विंडोज ७ चा आधार काढावा का?

प्रश्न (लातूर): जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या आमच्या मुक्तस्रोत पायथन लायब्ररीतून (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील तयार कोडच्या संचातून) विंडोज ७ चा आधार काढावा, असे मला वाटते, परंतु औशाच्या ज्या डीटीपी केंद्रात लग्नपत्रिका अजून त्याच संगणकावर जुळवल्या जातात, त्यांना वाऱ्यावर कसे सोडायचे?

उत्तर (परभणी): विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका पायथन ३.८ असून तिच्या सुरक्षा दुरुस्त्याही २०२४ मध्ये थांबल्या. पॅकेजमध्ये ‘किमान पायथन ३.९’ अशी अट नोंदवा, म्हणजे पिप (पायथनची पॅकेजेस उतरवणारे साधन) त्या संगणकावर आधीचीच सुसंगत आवृत्ती उतरवेल आणि पत्रिकांचे काम अडणार नाही.

उत्तर (नांदेड): सहमत आहे; मात्र ही अट किरकोळ दुरुस्तीत गुपचूप घालू नका, मुख्य आवृत्ती क्रमांक (पहिला आकडा) वाढवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी औशाला जाऊन त्यांना समक्ष सांगतो.