शब्दचर्चा: 'अनडिटेक्टेबल'ला काय म्हणावं, आणि 'असुरक्षित' कशापासून?

घोडबंदरकर
मंडळी, एका माहितीपत्रकाचा अनुवाद हातात आहे. विषय असा, की एचआयव्हीवरची औषधं सुरू झाल्यावर गे पुरुषांच्या लैंगिक वागण्यात काय फरक पडतो आणि लागणीचं काय होतं. दोन शब्दांपाशी अडलोय. पहिला 'अनडिटेक्टेबल', म्हणजे तपासणीत विषाणू न सापडणारा. माझ्याआधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात 'अनिदानित' लिहिलंय. मला 'अशोध्य' सुचला, पण तो उच्चारताना माझीच जीभ अडते. दुसरा 'असुरक्षित संबंध'. मूळ मजकुरात 'कंडोम न वापरता' आणि 'धोका असलेले' अशा दोन निराळ्या गोष्टी आहेत. मसुद्यात दोन्हीकडे 'असुरक्षित'च ठोकलंय.

मीठबंदर
'अनिदानित' आत्ताच्या आत्ता काढा. अनिदानित म्हणजे ज्याचं निदानच झालेलं नाही. त्याने तपासणी केलेली नाही, गोळ्या नाहीत, आणि लागण नवी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू भरमसाट असतो. तुमच्या पत्रकातला माणूस याच्या बरोबर उलट आहे. त्याचं निदान झालंय, रोज गोळी घेतोय, विषाणू इतका उतरलाय की यंत्राला सापडत नाही. ज्याच्याकडून लागण होते आणि ज्याच्याकडून होत नाही, त्या दोघांच्या पाट्या अदलाबदल केल्यात मसुद्यावाल्याने.

'अशोध्य'बद्दल एवढंच, की मला फरार आरोपी आठवला.

वाशीची आत्या
मी बरीच वर्षं एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, काउन्सेलर होते, म्हणून तिथली भाषा सांगते. रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' छापून येतं, त्याचं झालं टीएनडी. पोरं दारातूनच सांगायची, "ताई, टीएनडी आलं!" कुणी म्हणे, "लोड सापडत नाही आता." (लोड म्हणजे विषाणूभार, रक्तातलं विषाणूचं प्रमाण.) आणि एखादा म्हणे, "निगेटिव्ह झालो." त्याला मात्र मी खाली बसवायची.

माझं मत 'सापडत नाही'ला. मराठीत चष्मा सापडत नाही म्हणजे चष्मा घरातच आहे, फक्त हाती लागत नाहीये. या विषाणूचं अगदी तसंच. तो काही पेशींमध्ये दडून बसतो, आणि गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून 'नष्ट' नको, 'बरा झाला' तर नकोच.

घोडबंदरकर
आत्या, पण वाचणारा विचारेल, दडलाय ना? मग लागणार नाही कशावरून?

वाशीची आत्या
मोजून बघितलंय म्हणून. युरोपातल्या 'पार्टनर 2' अभ्यासाचे निष्कर्ष 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. 782 गे जोडपी होती. जोडीतला एक पॉझिटिव्ह आणि औषधांवर, विषाणूभार रक्ताच्या मिलीलिटरला विषाणूच्या 200 कॉपीजच्या खाली. दुसरा निगेटिव्ह. कंडोमशिवाय सुमारे 76,000 वेळा संबंध आले. जोडीदाराकडून जोडीदाराला लागण किती? शून्य. आता गंमत ऐका. 15 निगेटिव्ह पुरुषांना त्या काळात लागण झालीच होती. पण विषाणूची जनुकीय रचना ताडून पाहिली तर जोडीदाराच्या विषाणूशी एकाचीही जुळेना. ती बाहेरून आली होती. त्यामुळे 'शून्य' हा शब्द वापरायचाच तर लागणीसाठी वापरा, विषाणूसाठी नको.

तलावपाळी
घोषवाक्य हवं असेल तर घ्या: 'सापडेना, तर लागेना'. 'रोग लागणे' आपल्याकडे आहेच. (माझ्या सांगलीच्या सासऱ्यांना मात्र 'लागण' म्हटलं की उसाचीच आठवते.)

ऐरोली नाका
घोषवाक्य झकास, पण मला एक कळत नाही. असं छापल्यावर लोक मोकाट सुटणार नाहीत का? हेल्मेट घातलं की घोडबंदर रोडवर गाडी जास्त दामटतात, तसं.

घोडबंदरकर
नाका, तुमचीच शंका पत्रकात आहे, आणि तिथेच मी तिसऱ्यांदा अडलो! मसुद्यात तिला 'जोखीम-भरपाई' म्हटलंय. वाचून वाटतं, एसटीच्या अपघाताचे पैसे मिळणार आहेत.

मीठबंदर
'भरपाई' बादच. नाका, शंका जुनी आहे आणि अगदीच खोटी नाही. 1996 साली एकत्रित औषधं आली, त्यानंतर पाश्चात्त्य शहरांतल्या गे पुरुषांमध्ये कंडोम मागे पडू लागला, परमा आणि सिफिलिस वाढले. पण 2004 मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या नियतकालिकात 25 अभ्यासांचा एकत्र आढावा आला, तो फार बोलका आहे. औषधं घेणारे किंवा विषाणू न सापडणारे पॉझिटिव्ह लोक इतर पॉझिटिव्हांपेक्षा जास्त धोका पत्करत नव्हते. धोका पत्करणारे होते ते 'आता औषधं आलीत, काळजी कशाला' असं मानणारे. मग ते पॉझिटिव्ह असोत वा निगेटिव्ह. म्हणजे वागणं गोळीने बदलत नव्हतं, गोळीबद्दलच्या समजुतीने बदलत होतं.

म्हणून मला दोन शब्द हवेत. ज्याचा लोड सापडत नाही, नियमित गोळ्या चालू आहेत, वेळच्या वेळी तपासणी आहे, तो निर्धास्त. त्याची धास्ती गेली, आणि ती जायला कारण आहे. ज्याने तपासणीच केली नाही आणि 'हल्ली औषध मिळतं' म्हणतो, तो बेफिकीर. मसुद्यात दोघांनाही 'बेजबाबदार' म्हटलंय. तो अनुवाद नाही, शेजारच्या काकांचा शेरा आहे.

ऐरोली नाका
काका मीच होतो बहुतेक. मागे घेतो.

वाशीची आत्या
'असुरक्षित'चंही मूळ इथेच आहे. भारतात सरकारी मोफत औषधं सुरू झाली 1 एप्रिल 2004 ला. तेव्हाही सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ठरावीक आकड्याच्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. निदान झालं की लगेच औषध, हे धोरण 2017 चं. आमच्या भिंतीवरची पोस्टरं जुन्या काळातली. तेव्हा सुरक्षा म्हणजे कंडोम, दुसरं होतंच काय? म्हणून 'कंडोम नाही' याचा अर्थ थेट 'असुरक्षित' असा बसला. आता गोळ्यांमुळे ज्याचा विषाणू तपासणीत सापडत नाही त्याच्याशी कंडोमशिवाय संबंध आला तर एचआयव्हीपुरता तो असुरक्षित नाही. पण ती गोळी परमा किंवा सिफिलिस थांबवत नाही, त्यासाठी कंडोम लागतोच. तेव्हा नुसतं 'असुरक्षित' लिहू नका, कशापासून तेही लिहा.

तलावपाळी
शब्द सोपा ठेवा: 'कंडोमशिवाय'. 'विनासंरक्षण' म्हटलं की पुन्हा तोच घोळ.

'जोखीम' ठेवणार असाल तर ठेवा, मला आवडतो. आजी दागिन्यांनाही जोखीमच म्हणायची, "एवढी जोखीम अंगावर घालून लोकलने जाऊ नको." धोका आणि मोलाची वस्तू, दोन्ही एकाच शब्दात.

घोडबंदरकर
बदललेलं वाक्य टाकतो, बघा:

'नियमित औषधांमुळे ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही आणि पुढेही सापडत नसल्याची तपासणीत खात्री होत राहते, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही. कंडोमशिवाय संबंध आल्यास इतर गुप्तरोगांची जोखीम मात्र राहते.'

वाशीची आत्या
'गुप्तरोग' काढा हो. सेंटरवर आलेलं पोर तो शब्द वाचून दारातूनच परत जायचं. 'लैंगिक संबंधातून होणारे इतर आजार' लिहा, एक ओळ वाढली तरी चालेल.

घोडबंदरकर
काढला.