लहान विमानतळावर सुरक्षा तपासणीआधी कॉफी घेण्याबाबत

प्रश्न (पहाटप्रवासी):
लवकरच मला एका लहान विमानतळावरून पहाटेच्या विमानाने निघायचे आहे. तेथे चेक-इनच्या खिडक्यांशेजारी कॉफीचे एकच दुकान असून सुरक्षा तपासणीच्या पलीकडे पिण्याचे पाणी आणि खुर्च्या यांखेरीज काहीही नाही, असे समजले. सकाळी कॉफी घेतल्याशिवाय माझे डोके चालत नाही. ती अलीकडेच संपवावी, की झाकण लावलेल्या कपातून आत नेता येईल? त्यासाठी किती वेळ हाताशी ठेवावा?

प्रतिसाद (सामानसुमान):
अलीकडेच संपवावी. द्रव स्फोटके विमानात नेण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आल्यानंतर अनेक देशांनी हातातील सामानातल्या द्रवावर प्रत्येक बाटलीमागे १०० मिलीलिटरची मर्यादा घातली, आणि कॉफीचा लहानात लहान कपही बहुधा त्याहून मोठाच असतो. काही देशांत देशांतर्गत प्रवासाला ही मर्यादा नसते, तसेच नवी स्कॅनर यंत्रे बसवलेल्या काही विमानतळांवर ती शिथिल झाली आहे. परंतु आपल्या विमानतळाचा नियम आधी पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. भरलेला कप तपासणीच्या तोंडाशी टाकून द्यावा लागला, तर पैसे आणि कॉफी दोन्ही जातात.

प्रतिसाद (खिडकीजवळची जागा):
वेळेबद्दल माझे मत थोडे सविस्तर मांडतो, कारण खरी अडचण तेथेच आहे. लहान विमानतळावर तपासणीचा मार्ग पुष्कळदा विमानाच्या वेळेनुसारच उघडतो, आणि एकाच विमानाचे सगळे प्रवासी आधी दुकानासमोर व नंतर तपासणीसमोर एकदम उभे राहतात. त्यामुळे आधी चेक-इन उरकून मोठे सामान देऊन टाकावे, बोर्डिंग पास हातात आल्यावरच कॉफी मागवावी आणि तपासणीची रांग दिसेल अशा जागी बसावे. बोर्डिंग पासवर छापलेली गेट बंद होण्याची वेळ धरून हिशेब करावा, विमान सुटण्याची नव्हे. पहाटेच्या पहिल्या ग्राहकाला कॉफीचे यंत्र तापेपर्यंत थांबावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे. सावकाश, गरम असतानाच प्यायला मिळावी यासाठी एवढी काळजी घेणे मला मुळीच जास्त वाटत नाही.

प्रतिसाद (थर्मासवाली):
दुकान बंद असण्याची शक्यताही धरून चालावे. मी घरूनच थर्मास भरून नेते, तपासणीआधीच्या बाकावर बसून कॉफी संपवते, थर्मास विसळते आणि झाकण उघडून तो ट्रेमध्ये ठेवते. रिकाम्या थर्मासला सहसा हरकत घेतली जात नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, विमान कोणते आहे ते अवश्य पाहावे. ट्विन ऑटरसारख्या १९ आसनी विमानात स्वच्छतागृहच नसते, म्हणून तेथे एका कपावरच थांबणे बरे.

पहाटप्रवासी:
सर्वांचा आभारी आहे. थर्मासमध्ये थोडी कॉफी उरलीच, तर ती १०० मिलीलिटरपेक्षा कमी असल्यास चालेल का?

सामानसुमान:
नाही. ही मर्यादा लागू असते तेथे भांड्याची क्षमता पाहतात, त्यात उरलेली कॉफी नव्हे. थर्मास पूर्ण रिकामा करूनच रांगेत उभे राहावे.