मदत हवी आहे: आजोबांच्या नौदलातील नोकरीच्या नोंदी आणि ‘म्हैसूर’ युद्धनौकेवरचे फोटो

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा आता ८९ वर्षांचे आहेत. १९६८ मध्ये नौदलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराजवळ, भावांना हाताशी धरून लाँचची इंजिनं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप सुरू केलं. आज ते काका आणि बाबा चालवतात. नोझल आणि गॅस्केट आजोबा अजूनही स्वतः हातात घेऊन बघतात.

घरच्यांसाठी त्यांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका करतोय. धंद्याबद्दल ते भरभरून बोलतात, नौदलाबद्दल मोजकंच. गोवा मुक्तीच्या वेळी ते आयएनएस म्हैसूरच्या इंजिनरूममध्ये होते. १८ डिसेंबर १९६१ ला ‘त्रिशूल’ या युद्धनौकेवरची तुकडी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावर उतरली आणि ‘म्हैसूर’ने तोफांचा मारा करून तिला साथ दिली. त्या कारवाईत सात नौसैनिक शहीद झाले. त्यांचा विषय निघाला की आजोबा गप्प होतात, म्हणून मी खोदून विचारत नाही.

मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडून (नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारं नौदलाचं कार्यालय) इतक्या जुन्या नोकरीचा तपशील कोणी मिळवलाय का? अर्ज आजोबांच्याच सहीने द्यावा लागतो की मुलगा देऊ शकतो? त्यांचं डिस्चार्ज बुक पुरात भिजलं, पण सर्व्हिस नंबर वाचता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सुरुवात केलेली बरी का?

आणि कुणाच्या वडिलांनी, आजोबांनी त्या काळात ‘म्हैसूर’वर काम केलं असेल, तर जुने ग्रुप फोटो बघायला मिळतील का? स्कॅन करून मूळ प्रत मी स्वतः परत आणून देईन. आजोबांना नजरेने अजून चेहरे ओळखता येतात, त्यामुळे थोडी घाई आहे.